पट्टेरी बासची परतवाट : जिगिंगच्या नोंदी, शरद 2024

5 ऑक्टोबर 2024, शनिवार. हायलँड्स, न्यू जर्सी

होडी आज पाण्यात उतरली. एकवीस फुटी, सुकाणू मधोमध, मागे दीडशे हॉर्सपॉवरचं इंजिन. चौघांनी मिळून घेतली. आमच्या आधी तिचे दोन मालक झाले, पण इंजिन जपलेलं आहे. आत साचलेलं पाणी उपसायचा पंप तेवढा बदलावा लागला.

चौघे म्हणजे अण्णा, मूळ मालवणचे, इथे येऊन तीस वर्षं झालेले. त्यांचा भाचा, गेल्या वर्षी नोकरीनिमित्त आला. नागपूरकर, ज्याने आजवर गळ हातात धरलेला नाही, पण पहाटे सगळ्यांच्या आधी धक्क्यावर उभा असतो. आणि मी, रेवदंड्याचा.

वही लिहायची ही अण्णांची अट. "नुसतो जावन येव नको. काय झाला ता लिवन ठेव." म्हणून हे.

काम काय ठरलंय तेही लिहून ठेवतो. पट्टेरी बास हा मासा वसंतात चेसापीक उपसागराच्या नद्यांत, डेलावेअर आणि हडसन नदीत चढतो, अंडी घालतो. मग मोठे मासे किनाऱ्याने उत्तरेला मॅसॅच्युसेट्स, मेनपर्यंत जातात. शरदात पाणी निवायला लागलं की तेच मासे किनाऱ्याकिनाऱ्याने खात खात दक्षिणेला परततात, आणि ऑक्टोबर ते डिसेंबर आमच्या दारावरून जातात. आपल्याकडे पाला असाच समुद्रातून नदीत चढतो. जिताडा उलटा, अंडी घालायला खाडीच्या मुखाकडे उतरतो. लहानपणापासून मला जिताड्याचं वेड, आणि बासचं तोंड, पाठीवरचा काटेरी पंख पाहिला की तोच आठवतो. फक्त याच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत सात-आठ काळ्या रेघा असतात, वहीवर आखल्यासारख्या.

यंदा गरवायचं ते फक्त जिगने, म्हणजे गळ लावलेलं धातूचं वजन दोरीवर उचलून आणि पडू देऊन. जिवंत आमिष नाही, बोटीमागे ओढायचे गळ नाहीत. चौघांनाही जिग चालवता आला पाहिजे. घरी न्यायचा तर प्रत्येकी हंगामात एकच. बाकी सगळे जिवंत परत.

नियमाने दिवसाला प्रत्येकी एक ठेवता येतो आणि तोही 28 ते 31 इंचांतलाच. 28 च्या आतला नाही, 31 च्या वरचाही नाही. वरची मर्यादा मे 2023 मध्ये तातडीने 31 वर आणली, कारण 2015 साली जन्मलेली मोठी पिढी नेमकी 31 च्या वरच्या मापात येत होती आणि तिच्यामागून येणाऱ्या पिढ्या बारीक आहेत. तीन इंचांची खिडकी. म्हणजे गळाला लागेल त्यातला बहुतेक मासा सोडायचाच. तो कसा सोडतो हे निम्मं काम आहे असं मी धरतो.

12 ऑक्टोबर, शनिवार. दसरा

इंजिनाला झेंडूची माळ घातली. झेंडू एडिसनच्या ओक ट्री रोडवरून आणला. रॉड, रीळ, पक्कड, सुरी, सगळं होडीच्या नाळेवर मांडून हळदकुंकू वाहिलं. अण्णांनी वडिलांचं तंगूसाचं, म्हणजे नायलॉनच्या दोरीचं, जुनं रीळ आणलं होतं, लाकडी फळकुटाला गुंडाळलेलं. तेही मांडलं.

पूजेनंतर दोन तास दोऱ्या भरण्यात गेले. सात फुटी रॉड, पाच हजार मापाचं रीळ, त्यावर तीस पौंडांची विणलेली दोरी, टोकाला चार फूट चाळीस पौंडांची फ्लोरोकार्बन. दोन्ही जोडणारी गाठ नागपूरकरने तीन रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसून घोटवली आहे. आता आमच्यात तोच ती सगळ्यांत चांगली बांधतो. मी दोरी पायाखाली धरून ओढून पाहिली, हात कापायची वेळ आली पण गाठ हलली नाही.

तंगूस आणि विणलेली दोरी यांच्यातला फरक हातालाच कळतो. तंगूस ताणतं. वडील रेवदंड्याच्या खाडीत तर्जनीवरून तंगूस सोडून बसायचे, आणि त्या ताणातूनच त्यांना कळायचं की खाली खेकडा आहे की मासा. विणलेली दोरी ताणतच नाही. साठ फूट खाली जिगला वाळू लागली तरी बोटाला टक् होतं. जिगिंगला हाच मोठा फायदा, पण मासा ओढतो तेव्हा दोरी काहीच सोसत नाही, सगळं रॉडने आणि रीळाच्या ब्रेकने सोसायचं.

जिग एक औंसापासून चार औंसांपर्यंतचे घेतले. चकचकीत, चौकोनी, दोन्ही टोकांना निमुळते. गळावर हिरवी किंवा लाल रबरी नळी. शिवाय लांब पानासारखे पातळ स्पून, जे पडताना डुलत डुलत जातात.

रॅरिटन उपसागरात पाणी अजून 65 अंशांवर आहे. (इथून पुढे सगळीकडे फॅरनहाइट.) घाई नाही.

17 ऑक्टोबर, गुरुवार

काल कोजागिरी. गच्चीऐवजी धक्क्यावर दूध घेतलं, थंडीने पटकन गार झालं. भाच्याने विचारलं, "मामा, आपल्याकडे तिथीवरून भरती सांगतात ती इथे चालेल का?" अण्णा म्हणाले, बसवून बघ.

आपला हिशोब सोपा: तिथीला पाऊणने गुणायचं, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. सँडी हूकचा, म्हणजे उपसागराच्या तोंडावरच्या वाळूच्या जिभेचा, छापील तक्ता घेऊन बसलो. पाऊणपटीतून चार तास वजा केले की इथली हिवाळी वेळ येते, उन्हाळी घड्याळ असेल तर त्यात एक तास मिळवायचा. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक राहतो, आणि बोट काढायला तक्ताच बघायचा, हे पक्कं. पण आजोबांचा हिशोब अटलांटिकवर चार तासांच्या दुरुस्तीने चालतो हे पाहून मला फार आनंद झाला.

पाण्याची चढउतार मात्र आपल्यापेक्षा थोडी. सँडी हूकला सरासरी पाच फुटांच्याही आत, कोकणात उधाणाला दहा-बारा फूट सहज. पण उपसागराचं बरंचसं पाणी हूकच्या टोकावरून आतबाहेर होतं, त्यामुळे ओढ जबर. वारा ओढीच्या विरुद्ध असेल तर तिथे लाटा उभ्या राहतात. अण्णांचा नियम: अशा वेळी टोक ओलांडायचं नाही.

26 ऑक्टोबर, शनिवार. रॅरिटन उपसागर

पहिली फेरी. पाणी 61. वारा नैर्ऋत्येचा, मंद. खोली चार-पाच वाव (एक वाव म्हणजे सहा फूट). जिग दोन औंस.

मासे: शून्य.

आजूबाजूच्या तीन बोटींवर रॉड वाकत होते. पाण्याखालचे मासे पडद्यावर दाखवणाऱ्या फिशफाइंडरवर खाली तळाला चिकटून कमानी दिसत होत्या, म्हणजे मासे आमच्याही खाली होते. तीन तास चौघांनी जीव तोडून जिग उचलला. माझा खांदा अजून दुखतोय.

परतल्यावर शेजारच्या धक्क्यावरचा म्हातारा भेटला. पन्नास वर्षं याच पाण्यात गरवतोय. त्याने मला धक्क्यावरून जिग चालवायला लावला आणि बघत राहिला. म्हणाला, उचलतोस छान, पडू देत नाहीस. मी रॉड वर नेऊन झपकन खाली टाकत होतो, त्यामुळे दोरी ढिली पडून जिग दगडासारखा सरळ जात होता. त्याने रॉड हातात घेतला. दोन-तीन फूट उचलला, आणि जिग जितक्या वेगाने पडतो तितक्याच वेगाने रॉडचं टोक त्याच्या मागोमाग खाली आणलं. दोरी ताणलेली नाही, सैलही नाही. मासा घेतो तो पडताना घेतो, कारण पडणारा मासा जखमी असतो. पडता पडता जिग मधेच थांबला, दोरी अवेळी सैल झाली, की तोच झटका द्यायचा क्षण.

अण्णांनी ऐकून मान हलवली. "दोरी सैल पडली काय समज, मासो लागलो." त्यांना हे ठाऊक होतं, तंगूसावर. रॉडवर ते विसरले होते.

मेरीलंड राज्याचा बासच्या पिल्लांचा या वर्षीचा आकडा याच महिन्यात जाहीर झाला. दर उन्हाळ्यात तिथे चेसापीकच्या नद्यांत जाळं ओढून त्या वर्षी जन्मलेली पिल्लं मोजतात. यंदा प्रत्येक ओढीमागे सरासरी 2.0. गेल्या वर्षी 1.0. दीर्घकालीन सरासरी 11 च्या आसपास, आणि 2015 साली 24.2 होता. 2019 पासून एकही वर्ष सरासरीला पोचलेलं नाही. आज आपल्या खाली ज्या कमानी दिसल्या त्या जुन्या चांगल्या वर्षांची शिल्लक आहेत. हे वहीच्या पहिल्या पानावर परत लिहून ठेवलं, मोठ्या अक्षरांत.

1 नोव्हेंबर, शुक्रवार. अमावस्या

लक्ष्मीपूजन. होडीवर एक पणती, काचेच्या बरणीत. अख्खा ऑक्टोबर कोरडा गेला. न्यू जर्सीत नोंदी ठेवायला लागल्यापासून इतका कोरडा महिना झालेला नाही. फटाक्यांचा प्रश्नच नाही, ठिणगीलाही बंदी असल्यासारखं वातावरण आहे.

2 नोव्हेंबर, शनिवार. पाडवा

पाणी 60. उधाणाची भरती सकाळी, आम्ही ओहोट सुरू होताना पोचलो. इंजिन बंद करून वाहत जायचं, घोळका संपला की वळसा घालून परत वर यायचं. घोळक्यावरून इंजिन न्यायचं नाही.

पहिला मासा भाच्याला. मी त्याच्याकडेच बघत होतो. जिग पडत होता, रॉडचं टोक खाली येत होतं, आणि मधेच ते थांबलं. त्याने विचार न करता रॉड उचलला. रीळ ओरडलं. त्याने दोन मिनिटांत मासा बोटीपाशी आणला, 26 इंच, पाठ हिरवट, बाजू चांदीची, रेघा ओल्या काळ्या. "मामा, मामा" एवढंच म्हणत होता.

एकूण पाच, 20 ते 26 इंच. सगळे सोडले. नागपूरकरला एक लागून सुटला. तो नंतर तासभर बोलला नाही, नुसता जिग चालवत राहिला आणि शेवटी 22 इंची आणलाच.

28 च्या आतला मासा ठेवायला राज्याची एक वेगळी बोनस परवानगी मिळते, 24 ते 28 इंचांमधल्यासाठी. आम्ही मागितलेली नाही, मागायची नाही असं ठरलंय.

उद्या भाऊबीज, आणि रात्री घड्याळं तासभर मागे.

9 नोव्हेंबर, शनिवार

गेलो नाही. सकाळी हवेत धुराचा वास. काल उत्तरेला न्यू यॉर्कच्या हद्दीवर जंगल पेटलंय. वाराही वायव्येचा, जोराचा.

16 नोव्हेंबर, शनिवार. लाँग ब्रँचसमोर

हे सगळं लिहायला दोन दिवस लागले.

पहाटे साडेपाचला निघालो. सँडी हूकचा दीपस्तंभ उजवीकडे ठेवून टोक ओलांडलं. 1764 पासून तो उभा आहे आणि अजून चालू आहे. अंधारात त्याच्याकडे पाठ करून निघताना मला नेहमी धीर येतो. पाणी 56. वारा वायव्येचा, म्हणजे जमिनीवरून, आपला मतलई. किनाऱ्यालगत समुद्र सपाट.

उजाडताना दक्षिणेला कुरवांचा ढग दिसला. जवळ गेलो तर वर गॅनेट. हा पांढरा, पंखांची टोकं काळी असलेला पक्षी उंचावरून पंख मिटून पाण्यात सूर मारतो, भाला पडावा तसा. पाण्यावर तेलाचा तवंग आणि मेनहेडनचा वास. इथे त्याला बंकर म्हणतात. आपल्या तारलीच्याच कुळातला, पण वीतभराहून लांब आणि भारी तेलकट. हजारो बंकर वरच्या थरात गोल फिरत होते, पाणी पाऊस पडल्यासारखं उडत होतं.

मग त्या सगळ्याच्या मधून हंपबॅक व्हेल तोंड उघडून सरळ वर आला. मी रेवदंड्याला डॉल्फिन खूप पाहिले आहेत. असं कधी पाहिलं नव्हतं. अण्णांनी लगेच इंजिन न्यूट्रलला टाकलं आणि आम्ही मागे सरलो. व्हेलपासून किमान शंभर यार्ड राहायचं, आणि आम्ही दोनशे राहिलो. तो कुठून वर येईल ते फक्त त्यालाच ठाऊक.

कडेच्या घोळक्यावर फिशफाइंडरने दाखवलं: बंकरचा ढग दोन ते पाच वाव, आणि त्याच्या खाली, आठ वावांवर, जाड कमानी. बास बंकरच्या खाली थांबतात, वरून लंगडत पडणाऱ्याची वाट बघत. जिग लहान वाटला, म्हणून पानासारखे मोठे स्पून लावले. ढगातून खाली पडू दिले.

पहिल्या वाहण्यातच चौघांच्या रॉडवर मासा. एकाच वेळी चार मासे, चार दोऱ्या, एकवीस फुटांची होडी. आम्ही एकमेकांच्या खालून, वरून जात होतो. 29, 33, 34, 38. सगळं मी नंतर लिहिलं, तेव्हा हात थरथरत होते.

एकूण अकरा. त्यातला सातवा माझा.

36 इंच. ओढ नेहमीसारखी नव्हती, जड आणि शांत. बोटीपाशी आला तेव्हा पाणी लाल होतं. स्पूनला मूळचा तीन काट्यांचा गळ होता. एक काटा जबड्यात, आणि मासा फिरला तेव्हा दुसरा कल्ल्यात शिरला होता. मी पक्कडीने काढायला गेलो तर आणखी रक्त आलं. अण्णांनी माझ्या हातातून पक्कड घेतली, काटा कापला, मासा पाण्यात धरला. दहा मिनिटं धरून ठेवला. बोट वाहत होती, वर पक्षी सूर मारत होते, आणि अण्णा पाण्यात हात घालून वाकलेले होते. शेवटी त्यांनी सोडला तेव्हा तो कुशीवर पडला आणि तसाच तरंगत मागे गेला.

31 च्या वरचा, म्हणून ठेवता येत नाही. मेला तरी नाही. भाच्याने विचारलं, असा वाया घालवायचा? मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता देतो: नियम असाच हवा. मेलेला ठेवायची मुभा दिली तर प्रत्येक मोठा मासा बोटीवर येऊन मरेल.

त्यानंतर अण्णांना 30 इंची लागला, अगदी मापातला. त्यांनी मोजपट्टीवर ठेवला, माप घेतलं आणि सोडला. आम्ही कुणी काही बोललो नाही. परत आलो.

17 नोव्हेंबर, रविवार

सकाळी माझ्या गॅरेजमध्ये बसून सगळे तीनकाटी गळ काढले. एकोणीस निघाले. त्यांच्या जागी एकेक काट्याचे गळ लावले आणि प्रत्येकाचा उलटा दात पक्कडीने दाबून सपाट केला. जिगना आधीपासून एकच गळ होता. मोठ्या स्पूनवर मी लक्ष दिलं नव्हतं. चूक माझी आहे.

मासा सोडायची रीत लिहून होडीत चिकटवली. हात आधी ओले. पक्कड, मोजपट्टी मासा वर यायच्या आधी बाहेर. शक्यतो पाण्यातच गळ काढायचा. उचलायचा तर एक हात जबड्यात, एक पोटाखाली. नुसता जबड्याला लटकवायचा नाही. फोटो काढायचा तर तयारीत असलेल्यानेच. पाण्याबाहेर वीस सेकंद, भाचा मोठ्याने मोजणार. मग तोंड ओढीकडे करून धरायचा, आपण होऊन निसटेपर्यंत.

दुपारी म्हाताऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग ऐंशीच्या दशकाबद्दल बोलला. 1982 साली अटलांटिक सिटीला साडेअठ्ठ्याहत्तर पौंडांचा बास लागला, तेव्हाचा जागतिक विक्रम. आणि त्याच वर्षांत याच्यासारखे लोक अख्खे हंगाम रिकाम्या हाताने येत होते, कारण मोठे थोडे उरले होते आणि खालून लहान येतच नव्हते. 1984 ला केंद्राने कायदा केला, मेरीलंडने 1985 पासून पाच वर्षं मासा धरणंच बंद केलं. 1995 मध्ये मासा सावरला असं जाहीर झालं. तो म्हणाला की त्या काळात त्याने रॉड माळ्यावर टाकले होते, आणि परत काढले त्या दिवशी त्याची बायको धक्क्यावर रडली होती. आमच्या राज्यात धरलेला हा मासा विकायलाही बंदी आहे. विकत मिळतो तो दुसऱ्या राज्यांतला.

21 नोव्हेंबर, गुरुवार

पाऊस. कालपासून, खरा, भिजवणारा. शनिवारी वारा राहणार, बोट निघत नाही.

30 नोव्हेंबर, शनिवार. सी ब्राइट ते मॉनमथ बीच

थँक्सगिव्हिंगची सुट्टी. हवा 36, पाणी 52. या पाण्यात पडलं तर पहिल्या मिनिटाला श्वासच अडकतो, म्हणून चौघांनी फुगणारी नव्हे, जाड फोमची जाकिटं घातली, निघतानाच. अण्णांची बायको निघायची वेळ, जागा, परतायची वेळ फ्रिजवर लिहून ठेवते. व्हीएचएफ रेडिओ सोळा नंबरवर, मदत मागायच्या चॅनेलवर.

बंकर पांगले. आता वाळूतले ईल आलेत. नावाला ईल, खरं तर बोटभर लांब, पेन्सिलीएवढे बारीक मासे. वाळूत घुसून दडतात. त्यांच्यासाठी जिगची रीत वेगळी. तीन औंस, हिरवी नळी, आणि जिग वाळूला लागलाच पाहिजे. लागला की वाळू उडते, ईल बाहेर पडल्यासारखं दिसतं. मग रीळाचे आठ-दहा फेरे झपझप, आणि परत खाली सोडायचा. पडताना दोरीवर बोट.

वाऱ्याने होडी जोरात वाहायला लागली की दोरी तिरपी जाते. पंचेचाळीस अंशांपेक्षा जास्त तिरकी झाली तर जिग तळाला नाही असं समजायचं आणि वजन वाढवायचं. आज तीनचे चार औंस केले, तरी भागेना, मग पाण्यात कापडी पिशवी सोडली, होडीला ओढ धरणारी. तिने फार फरक पडला. दहा वावांत जिग पुन्हा सरळ पडायला लागला.

चौदा मासे. एकही रक्ताळला नाही. सरासरी सोळा सेकंद पाण्याबाहेर, भाच्याच्या मोजणीने. दात दाबलेला गळ हाताच्या एका वळणाने निघतो, काही वेळा मासा जाळ्यात आल्याबरोबर आपोआप. दोन मासे त्यामुळे आधीच सुटले, सुटू देत.

अकरावा मासा नागपूरकरचा. मोजपट्टीवर, शेपटीची दोन्ही टोकं चिमटीत जुळवून, 30 इंच. त्याने माझ्याकडे बघितलं, मी अण्णांकडे. अण्णा म्हणाले, "तुझो आसा. ठेव." हा आमचा हंगामातला पहिला ठेवलेला. लगेच डोक्यात टोचून मारला, कल्ले कापून रक्त काढलं, बर्फात.

त्यानंतर पक्षी पूर्वेला सरकले. आम्ही मागे गेलो, तेही सरकले. मासे त्यांच्याखाली पाणी फोडत होते, डोळ्यांनी दिसत होते. नकाशावर तीन मैलांची रेघ जवळ येत होती. त्या रेघेपलीकडे केंद्राचं पाणी सुरू होतं, तिथे पट्टेरी बास धरायला 1990 पासून बंदी आहे, आणि बोटीवर एक मासा होता. रेघेच्या अलीकडे अण्णांनी इंजिन बंद केलं. पलीकडे दोन बोटी गरवत होत्या. आम्ही चौघे उभे राहून पाहत होतो, पक्षी लहान होत होत दिसेनासे होईपर्यंत. मला वाटतं तेवढा अर्धा तास हा या हंगामातला माझा सगळ्यांत आवडता आहे. मासे दक्षिणेला निघाले होते, आणि आम्ही त्यांना अडवत नव्हतो.

1 डिसेंबर, रविवार

नागपूरकरच्या घरी. साफ केला मी. पोटात सहा वाळूचे ईल, न पचलेले. कातडीखालचं काळपट मांस आणि पोटाची चरबी काढून टाकली. हडसन-रॅरिटनच्या भागात पीसीबी या विषारी रसायनाचं जुनं प्रदूषण आहे, ते चरबीत साठतं, आणि लहान मुलांनी व गरोदर बायकांनी हा मासा खाऊ नये अशी राज्याची सूचना आहे. मुलांसाठी वेगळं कोंबडीचं केलं.

डोक्याचं आणि काट्यांचं कालवण अण्णांच्या बायकोने केलं, ओलं खोबरं, तिरफळ, आमसूल. तुकडे तांदळाच्या पिठात, तव्यावर. मांस पांढरं, जाड पाकळ्यांचं, जिताड्याइतकं चरबीदार नाही पण गोड. नागपूरकरच्या आईने व्हिडिओ कॉलवर मासा बघून विचारलं, एवढा मोठा तू धरलास? तो नुसता हसला.

8 डिसेंबर, रविवार

शेवटची फेरी. पाणी 48. वारा पडलेला, समुद्र तेलासारखा. फक्त गॅनेट, तेही लांब. सहा मासे, सगळे 22 ते 27 इंच, उत्तरेचे मोठे पुढे गेलेले दिसतात. हे लहान बहुधा हडसनचे असावेत, ते हिवाळा नदीतच काढतात.

मला आज एकच लागला आणि तो मी डोळे मिटून धरला. खरंच मिटून. जिग सोडला, वाळू लागली, उचलला, पडू दिला, आणि तर्जनीवरची दोरी अर्ध्यातच हलकी झाली. वडील असेच बसायचे. मासा 24 इंची होता, बारा सेकंदांत परत गेला.

हंगामाचा हिशोब: पाच फेऱ्यांत 36 मासे (पहिली फेरी रिकामी). एक ठेवला, एक डोळ्यांदेखत मेला, 34 सोडले. साठ्याचा अंदाज बांधणारे शास्त्रज्ञ धरतात की सोडलेल्या शंभरांतले नऊ नंतर मरतात. म्हणजे आमच्या चौतिसांतले तीन. एकूण पाच मासे आमच्या हातून गेले, एकच नव्हे. भाच्याने तो आकडा होडीतल्या पाटीखाली लिहिला. थंड पाणी, एकेरी गळ, वीस सेकंद. यामुळे आमचे तीनपेक्षा कमी असतील असं मला वाटतं, पण हिशोबात तीनच धरायचे.

16 डिसेंबर, सोमवार

किनाऱ्यावरच्या राज्यांच्या मत्स्य आयोगाच्या बास मंडळाची आज खास बैठक. कामावर असताना कानात लावून ऐकली. 2029 पर्यंत साठा सावरायचा आहे, त्यासाठी 2025 लाच आणखी आवळायचं का हा प्रश्न. शेवटी 2025 साठी काही बदल नाही. 2026 साठी नवा मसुदा तयार करायचं ठरलं.

पैसे घेऊन लोकांना गरवायला नेणाऱ्या चार्टर बोटीवाल्यांचं पोट यावर आहे, त्यांची बाजू ऐकली, ती खोटी नाही. पण मेरीलंडचे ते दोन आकडे, 1.0 आणि 2.0, माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. ही पिल्लं 28 इंचांची व्हायला सहा-सात वर्षं लागतात, आणि तेव्हा खिडकीत जवळजवळ कुणी नसेल. मी मसुद्यावर लिहून पाठवणार आहे. नागपूरकर म्हणाला, मीही. अण्णांनी विचारलं, मराठीत चालेल का.

21 डिसेंबर, शनिवार

होडी बाहेर काढली. इंजिनातून गोडं पाणी फिरवलं, तेल बदललं, टाकीत इंधन टिकवायचं औषध घातलं, वरून ताडपत्री. रीळं धुऊन सैल करून ठेवली. जिगांवर खाऱ्या पाण्याचे डाग आलेत, ते टूथपेस्टने निघतात.

मार्चसाठी यादी: एकेरी गळ आणखी तीस. कापडी पिशवीची दोरी कुजलीय, बदलायची. पक्कड एक जास्त. फिशफाइंडरची तार उजवीकडे सैल आहे. मोजपट्टीवर 28 आणि 31 ला नवा लाल रंग.